संचित रजा

"झाडांना पाणी घाला, नमुन्यांचे फ्रीज नीट चालू आहेत का बघा, आणि दुपारच्या आत घरी जा," कॅरल म्हणाली.

नाताळचा दुसरा दिवस होता. कॅरल आमची साहेब. उंच, सडसडीत, एरवी सगळ्यांवर खेकसणारी बाई. त्या दिवशी ती हळू बोलत होती, म्हणूनच मला भीती वाटली. मेरीलँडमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी माती तपासायची. शेताशेतांतून नमुने आणायचे, वाळवायचे, चाळायचे, त्यात काय आहे आणि काय नाही ते लिहायचं. राहुरीला शेतकी शिकलेल्या मुलीला याहून बरं काम कोण देणार! पण वर राजधानीत पुढाऱ्यांचं भांडण जुंपलं होतं. खर्चाचा कायदा मंजूर होईना. कायदा नाही तर पैसा नाही, आणि पैसा नाही तर सरकार बंद. दुकानाचं शटर ओढावं तसं हे लोक सरकार ओढून बंद करतात, हे इतकी वर्षं तिथे राहूनही मला खरं वाटत नव्हतं.

कॅरलने प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला तो कळला नाही.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"तू फर्लोवर आहेस. घरी बसायचं. पगार नाही."

"घरून अहवाल लिहू का?"

"नाही. काम केलंस तर तो गुन्हा ठरेल."

"फुकट केलं तर?"

"फुकट केलंस तर नक्कीच गुन्हा."

"मग दुसरीकडे कुठे काही काम धरू?"

"त्याला लेखी परवानगी लागते."

"कुणाची?"

"एक विभाग आहे," कॅरल म्हणाली आणि कपाळ चोळायला लागली. "पण तो विभागही बंद आहे."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण इंग्रजीत कशी सांगावी याचा मी थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. कागदावर सही केली, लॅपटॉप परत केला. किती दिवस, हे कागदात कुठेच नव्हतं. बोलावणं आलं की लगेच हजर व्हायचं, एवढंच होतं. प्रयोगशाळेच्या गोठ्यावरचा केविन मात्र कामावर राहणार होता. गुरांना काही फर्लोवर पाठवता येत नाही, म्हणून त्याला 'आवश्यक' ठरवलं होतं. रोज यायचं, शेण काढायचं, चारा घालायचा, पगार नाही. त्याचं नशीब बरं की माझं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

घरी शिरीष, माझा नवरा, चार वर्षांच्या तनूला मांडीवर घेऊन बसला होता. तो कॉलेजात तासांवर शिकवायचा. नाताळच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणजे त्याचीही कमाई नाही. घर चालायचं माझ्या पगारावर, आणि घराचा हप्ता एक तारखेला जायचा. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं साधंच घर होतं, मागे एक मेपलचं झाड, पुढे तीन पायऱ्या. पण ते हातचं गेलं असतं तर मी वेडी झाले असते. त्या घरासाठी मी काय दिलं होतं ते फक्त मला माहीत होतं.

"आबांना सांगू नकोस," शिरीष म्हणाला. "उगाच काळजी करतील."

"रविवारी फोन केला की त्यांना माझ्या आवाजावरूनच कळेल."

"मग गुळमुळीत सांग."

गुळमुळीत सांगणं हा आमच्याकडे घात करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव भोईटे, फलटणजवळच्या गावात एकटे राहायचे. एकतीस वर्षं तुरुंगात हवालदार होते, शेवटची दहा वर्षं मुख्य दरवाजावर. आईने मला कधी तिकडच्या क्वार्टरांत राहू दिलं नाही. "पोरीला तुरुंगाच्या भिंतीखाली वाढवायचं न्हाई," म्हणायची. त्यामुळे आबा दिवाळीला आणि जत्रेला यायचे तेवढेच, आणि कामाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. पहिलीत असताना बाईंनी विचारलं होतं, "सारिका, वडील कुठं असतात?" मी टेचात म्हणाले, "तुरुंगात." बाईंनी मला जवळ घेतलं आणि पर्समधला लिमलेटचा गोळा दिला. घरी सांगितलं तर आई दोन दिवस हसत होती.

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी गेले नव्हते. "आबा, नवीन नोकरी आहे, माझ्या खात्यावर रजाच साठलेली नाही. रजा मिळत नाही," असं मी फोनवर सांगितलं होतं. आबा "बरं" म्हणाले होते. तेव्हापासून दर रविवारी पंधरा मिनिटं आम्ही बोलायचो. पाऊस, ऊस, गुडघे, तनूचे दात. पंधरा मिनिटं झाली की दोघांनाही सुटल्यासारखं व्हायचं. तशी मी फोटो पाठवायची: शेतात नमुने घेताना, प्रयोगशाळेच्या फाटकापाशी. त्यावर आबा काही लिहायचे नाहीत, नुसता अंगठा पाठवायचे.

त्या रविवारी मी गुळमुळीत सुरुवात केली.

"आबा, सध्या मी घरीच आहे. सुट्टीसारखंच."

"सुट्टीसारखं म्हंजे?"

"सरकारनं घरी पाठवलंय. फर्लोवर."

पलीकडे आबांची बाज करकरली.

"काय म्हणालीस?"

"फर्लो. इथे असं करतात कधीकधी. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "कागद दिला का हातात?"

"दिला."

"सही घेतली?"

"घेतली."

"एकवीस का अठ्ठावीस?"

"काय एकवीस? तारीख?"

"दिवस गं. दिवस किती दिलेत?"

"दिवस लिहिलेलेच नाहीत. बोलावलं की जायचं."

"असं कसं? मुदत लिहावी लागती," आबा म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "त्यांच्याकडं निराळं आसंल." आणि पुन्हा मला, "घरी कोण हाय?"

"शिरीष आहे, तनू आहे."

"ते नीट बोलत्यात का तुझ्याशी?"

"आबा, असं काय विचारताय?"

"ठाणं किती लांब हाय?"

"ठाणं?"

"पोलीस ठाणं."

"दोन मैल असेल. का?"

"रोज जावं लागतं का आठवड्यानं?"

"कुठे, आबा?"

"बरं, बरं," आबा घाईने म्हणाले. "फोनवर नको."

मी शिरीषला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, वय झालंय, सत्तरी ओलांडली की माणसं असं करतात. मला ते पटलं नाही आणि दुसरं काही सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. सोमवारी! तिसऱ्या दिवशी पुन्हा. दोन वर्षं रविवार सोडून ज्यांनी फोन केला नव्हता ते आता रोज सकाळी मी चहा टाकत असताना हजर. आणि काय ते प्रश्न! जेवतेस का पोटभर? झोप लागते का? जास्त बाहेर फिरू नकोस, कुणाशी वाद घालू नकोस, बोलावलं की एक तासही उशीर करू नकोस. शेजाऱ्यांना माहीत आहे का?

"शेजाऱ्यांचं पण तेच आहे, आबा. आमच्या गल्लीत चार घरं अशी आहेत. देशात सगळे मिळून आठ लाख आहेत."

"आठ लाख?" आबा थक्क झाले. "समदे सोडले?"

"सगळे नाही. निम्म्यांना आत ठेवलंय, बिनपगारी राबायला."

"ते तर सगळीकडंच," आबा म्हणाले.

मला राग यावा की हसू, कळेना. मी सरकारच्या नावाने खडे फोडायला लागले की आबा मला गप्प करायचे. "सरकारला नावं ठेवू नको. ऐकत्यात." एकदा तर फोन ठेवताना त्यांनी मला "बाय माझी" म्हटलं. आबांनी! मी लहान असताना तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा ते मला "ए सारके" म्हणत. त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून रडले आणि चहा उतू गेला.

इकडे पगाराची पहिली तारीख कोरडी गेली. खात्यात शून्य रकमेची पावती आली, व्यवस्थित छापलेली. एक तारखेचा हप्ता गेला होता तो शिलकीतून, पुढचा जाणार नव्हता. शिरीषने तनूच्या पाळणाघराला सांगितलं की सध्या मुलगी घरीच राहील. एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सरकारी नोकरांना फुकट किराणा वाटत होते. मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे गोठ्यावरचा केविन होता, गणवेशातच, सकाळपासून गुरांना चारा घालून आलेला.

"तुला घरी बसून कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"कळत नाही," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं. सुट्टी म्हणावी तर हक्काची नाही, नोकरी म्हणावी तर पगार नाही, बेकारी म्हणावी तर नाव अजून हजेरीपटावर. आपण नक्की कोण आहोत, तेच विसरायला झालं होतं.

शेवटी धीर करून मी बँकेला फोन लावला. कर्जदार बाईच्या तोंडचं रडगाणं तयार ठेवलं होतं. पलीकडच्या बाईने ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही.

"फर्लोचं पत्र आहे?"

"आहे."

"त्याचा फोटो पाठवा. दोन हप्ते पुढे ढकलते."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही विचारलंत ना," ती म्हणाली.

फोन ठेवून मी पायऱ्यांवर जाऊन बसले. थंडीने बोटं वाकत नव्हती तरी बसून राहिले. शिरीष मागून आला. "अगं, घर वाचलं आपलं! तोंड का पाडून बसलीस?" मी म्हणाले, काही नाही, सुटल्यासारखं वाटतंय. ते खोटं होतं.

तिसाव्या दिवशी हौसाआत्याचा फोन आला. आबांची धाकटी बहीण, गावात शेजारीच राहते. ती कधी मला फोन करत नाही, कारण परदेशी फोनला तिच्या मते फार वीज लागते.

"सारके," ती म्हणाली, "हिंदूदादाला सांगू नगंस मी इचारलं म्हणून. पन मला ऱ्हावना. किती वरसांची झालीया?"

"कोण? तनू? चार."

"तनू न्हवं गं. शिक्षा."

"कसली शिक्षा?"

"आता माज्यापाशी तरी लपवू नगं. दादानं मला शपत घालून सांगितलंय. खून-बिन न्हाई ना केलास?"

"आत्या, तुला आबांनी काय सांगितलं ते पहिल्यापासून सांग."

"तूच न्हाई का त्याला म्हनालीस, फर्लोवर आलीया म्हणून? अगं, एकतीस वरसं तुरुंगाची चाकरी केली त्यानं. फर्लो म्हंजी कैद्याची रजा. कागदावर तिला संचित रजा म्हनत्यात, दादानंच सांगितलं. वरीसभर आत काढलं की साठती, मग एकवीस का अठ्ठावीस दिस घरी सोडत्यात. जामीन द्यावा लागतो, ठाण्यात हजेरी द्यावी लागती. दादा म्हनला, मला आधीच कळायला पायजे हुतं. तुजा फोटू हाय न्हवं त्याच्याकडं, नारंगी जाकीट, गळ्यात नंबर, हातात फावडं. म्हनला, खुल्या तुरुंगात शेतीला घालत्यात, तसं घातलंय पोरीला."

ध चा मा ऐकला होता, पण हा तर माझ्याच तोंडून झाला होता. मला हसू फुटलं. मी हसता हसता म्हणाले, "अगं आत्या, वेडी आहेस का तू, आणि आबा पण..."

"हसतीस काय? दादा परवा फलटनला जाऊन स्टँप कागद करून आला. तुजा जामीन ऱ्हातो म्हणून लिवून दिलंय, तुज्याकडं धाडलंय. सारके, एक सांगू? तुजी आई गेल्यापास्नं दोन वरसं त्यानं घरात तुजं नाव घेतलं न्हाई. फोनवर बोलायचा, ठिवला की गप. ताट सारायचा. मला म्हनायचा, तिला आई न्हवती, तिला नोकरी हुती. आन् आता महिनाभर बघ, सारखं सारिका सारिका. म्हनतो, पोरगी आत हुती गं, यायची कशी? माजा दादा मला परत घावला बघ."

माझं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. फोन मी हातात तसाच धरला होता. आत्या "हालू, हालू" करून बंद झाली.

शिरीषला मी दुपारी सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

"सांगून टाक ना त्यांना. साधा गैरसमज आहे."

"साधा नाहीये."

"मग सांगू नकोस. त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे."

"माझे वडील रोज सकाळी उठून असं समजतात की त्यांची मुलगी गुन्हेगार आहे. आणि त्यात त्यांना बरं वाटतंय. का ते कळतंय का तुला?"

शिरीषला कळलं नाही. त्याला सगळी गोष्ट माहीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन येण्याआधीच मी लावला. सगळं ठरवून ठेवलं होतं, पण आबांनीच सुरुवात केली.

"सारिका, तुला एक सांगायचं हाय. फोनवर नको म्हणतो, पण किती दिवस नको म्हणू." मागे त्यांनी दार लोटल्याचा आवाज आला. "तुझ्या आईच्या वक्ताला मी तुला मनातल्या मनात लई वंगाळ बोललो. रजा मिळत न्हाई म्हणालीस. मी म्हटलं, आई मेल्यावर कसली रजा लागती? तूच सांगितलंवतंस की, खात्यावर रजा साठलेली न्हाई. मी तुरुंगात जलम काढला आन् मला कळलं न्हाई. नव्या कैद्याला संचित रजा नसती. असे किती अर्ज माझ्या हातावरनं गेले. आई मेली म्हणून माणूस गजाला धरून रडायचा. साहेब नामंजूर लिहायचे आन् निरोप मी द्यायचो. देऊन चहा प्यायला जायचो. त्येचीच शिक्षा मला मिळाली म्हणायची. तू मनाला लावून घेऊ नको. काय केलंस ते मी इचारणार न्हाई."

"आबा, मी कधीच तुरुंगात नव्हते."

"फोनवर नको."

"नाही आबा, फोनवरच. ऐका. इथे फर्लो म्हणजे बिनपगारी सक्तीची रजा. सरकारकडे खर्चाची मंजुरी नाही म्हणून नोकरांना घरी बसवतात. मी नोकर आहे. कैदी नाही."

"मंग ते नारंगी जाकीट?"

"शेतातून रस्त्यावर आलं की गाडीवाल्यांना लांबून दिसावं म्हणून घालतात."

"गळ्यातला नंबर?"

"ऑफिसचं ओळखपत्र आहे."

"म्हंजे तू आत नव्हतीस."

"नाही."

"कवाच?"

"कधीच नाही, आबा."

"मंग आईच्या वक्ताला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. त्याचं उत्तर मी दोन वर्षं कुणाला दिलं नव्हतं, शिरीषलाही नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी त्याच्यासमोरच बोलले.

"रजा मिळत होती, आबा. साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, जा म्हणून. साठलेली रजा नव्हती, पण बिनपगारी मिळत होती. दहा दिवस. तेव्हाच घराचं कर्ज मंजूर व्हायचं होतं. पगाराच्या पावतीत खंड पडला तर बँक नाही म्हणेल, असं मला वाटलं. बँकेला मी विचारलंसुद्धा नाही. दहा दिवस पगाराशिवाय आम्ही बुडून जाऊ असं वाटलं. म्हणून नाही आले."

शिरीष दारातून हलला नाही.

"दहा दिवस," आबा म्हणाले.

"हो."

"आन् आता किती दिवस झाले पगार न्हाई त्याला?"

"एकतीस."

"घर हाय का अजून?"

मी मागच्या मेपलकडे बघितलं. पुढच्या तीन पायऱ्यांकडे बघितलं.

"आहे," मी म्हणाले.

आबांनी फोन ठेवला.

पस्तिसाव्या दिवशी सरकार उघडलं. जसं बंद झालं तसंच, कुणाला काही न कळता. दोन आठवड्यांत मागचा सगळा पगार एकदम जमा झाला, एक दिवसही कापला नाही. कॅरल पुन्हा खेकसायला लागली. केविन म्हणाला, गुरांना काही फरक पडला नाही. शिरीषने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त एकदा म्हणाला, "मला विचारायचं होतंस," आणि बँकेतल्या बाईचा आवाज माझ्या कानात पुन्हा वाजला.

आबांचा फोन रविवारीही आला नाही. मी लावला तर आत्या उचलायची. "दादा रानात गेलाय," म्हणायची, आणि मागे आबांचा खोकला ऐकू यायचा.

मग ते पाकीट आलं. पंधरा-सोळा दिवस वाटेत फिरून, कोपरे दुमडलेलं. आत शंभर रुपयांचा स्टँप कागद. आबांचं अक्षर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, दरवाजावरच्या रजिस्टरात लिहितात तसं उभं, एकेक अक्षर सुटं. "मी, हिंदुराव बाबासाहेब भोईटे, वय ७१, धंदा पेन्शनर, लिहून देतो की, माझी मुलगी सौ. सारिका ही रजेवर घरी असताना नीट वागेल. मुदत संपताच ती स्वतः होऊन हजर होईल. न झाल्यास तिच्याबद्दल मी जबाबदार राहीन." खाली सही, आणि सहीशेजारी अंगठासुद्धा. सही येत असताना अंगठा का दिला असेल, ते मला आजही कळलेलं नाही.

मी कॅरलकडे गेले आणि दहा दिवस मागितले. "आता तुझ्या खात्यावर भरपूर रजा साठलीय," ती म्हणाली. "पगारी घे."

"बिनपगारी दे," मी म्हणाले. तिला वाटलं, हिला भाषा नीट कळलेली नाही. तिने मला तीनदा समजावून सांगितलं.

गावात पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हौसाआत्याने लांबूनच मला बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. आबा अंगणात बाजेवर बसले होते. अंगणाच्या फाटकाला आतून कडी होती. मी बाहेर उभी राहिले, हातात बॅग. आबा उठले, सावकाश फाटकापर्यंत आले. कडी काढली नाही. गुडघ्यांमुळे वाकले होते, पण फाटकाशी आल्यावर ताठ उभे राहिले.

"नाव?"

मी बॅग खाली ठेवली. मग मी म्हणाले, "सारिका."

"पुरतं."

"सारिका हिंदुराव भोईटे." सासरचं नाव मला त्या वेळी आठवलंच नाही.

"कागद?"

मी पर्समधून स्टँप कागद काढला आणि फाटकावरून दिला. आबांनी तो उघडला, स्वतःच लिहिलेला, तरी वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल होते. आजचे नव्हते ते, कितीतरी दिवसांचे असावेत.

"किती उशीर झाला?"

"दोन वर्षं, आबा. दोन वर्षं आणि दोन महिने."

आबांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबला. दहा वर्षं त्या दरवाजावर उशिरा आलेल्या माणसांना ते काय म्हणत असतील, मला माहीत नाही. मला त्यांनी काही विचारलं नाही. कडी काढली आणि फाटक पूर्ण उघडलं.

"हजर झालीस न्हवं," ते म्हणाले. "चल, आत ये."